आजोबांच्या आवाजाच्या प्रती

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

पुढच्या आठवड्यात तुमची आई इथून निघेल तेव्हा तिच्याजवळ एक छोटी हार्ड डिस्क असेल. ती सामानाच्या बॅगेत टाकायची नाही, पर्समध्येच ठेवायची, असं मी तिला बजावलं आहे. त्या डिस्कमध्ये आजोबांचा आवाज आहे. त्यांनी तुमच्यासाठी सांगितलेल्या गोष्टी आहेत. पण पहिली फाईल उघडलीत की तुमचं नाव ऐकू येणार नाही. आजोबा म्हणतील, "नमस्कार विहीणबाई." दुसरी उघडलीत तरी तेच. तुम्ही आईला विचाराल की गोष्ट आमची, मग नमस्कार बोगादीच्या आजीला कसा? आई काहीतरी उत्तर देईल, पण बोगादीची आजी ही तिची आई आहे, म्हणून ती आपल्या आईच्या बाजूनेच बोलेल. मुलीने बोलावंच. माझी बाजू मात्र माझ्याशिवाय कोणी मांडणार नाही. म्हणून डिस्क निघण्याआधी हे लिहिते आहे. आज तुम्हाला इतकं मराठी वाचता येत नाही. येईल तेव्हा वाचा. घाई नाही.

आपलं घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. मराठी स्वयंपाकघरात राहिलं, रस्त्यावर कन्नड आलं, आणि मला शाळेत मिळालं ते इंग्रजी. या तिन्हींची आमच्या घरात इतकी सरमिसळ झाली आहे की कुठला शब्द कुठून आला हे आम्ही कधी पाहिलंच नाही. तुमचे आजोबा 'उगीच' असं कधी म्हणत नसत, 'सुम्ने' म्हणत. मी कोणाला 'लवकर या' म्हणायचं तर तोंडातून 'बेगा या' असंच निघतं.

विहीणबाई पुण्याहून इथे म्हैसूरला, गावाच्या टोकाच्या बोगादीत आल्या. त्यांच्या यजमानांना इथे नोकरी मिळाली तेव्हा तुमची आई शाळेत होती. पुण्यात त्या मराठी शिकवत असत, आणि त्यांचं बोलणं इस्त्री केलेल्या साडीसारखं, कुठे एक चुणी नाही. साखरपुड्याच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "बेगा या हो, अन्न थंड होतंय." त्या हसल्या. "किती गोड बोलता हो तुम्ही!" लहान मुलाने वेडंवाकडं चित्र काढलं की आपण ज्या सुरात वाहवा करतो, तोच तो सूर. तेव्हापासून माझं त्यांच्याशी बरं आहे आणि बरं नाहीही.

तुम्ही झालात, मग कॅनडाला गेलात, आणि सगळंच त्यांच्या बाजूला झुकलं. रविवारी तुम्ही त्यांच्याशी मनसोक्त बोलता, कारण त्या तुम्हाला वाचायला शिकवतात. माझ्याशी बोलताना तुमची जीभ इंग्रजीकडे वळते, कारण अज्जीचं मराठी कुठे संपतं आणि कन्नड कुठे सुरू होतं ते तुम्हाला कळत नाही. हो, मी अज्जी आणि त्या आजी, हेसुद्धा मला लागतं. त्यांच्या दिवाणखान्यात एक फोटोची चौकट आहे, आपोआप चित्रं बदलणारी. तुमच्या आईने तिकडे फोटो काढला की तो इकडे बोगादीत उमटतो. धाकट्याचा पुढचा दात पडल्याचं मला त्या चौकटीतून कळलं. मी चहा घ्यायला गेले होते. विहीणबाई म्हणाल्या, "अय्या, तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "माहीत होतं की." माहीत नव्हतं.

माझ्याकडे त्यांच्यासारखी चौकट नव्हती, पण त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. निदान मला तसं वाटत होतं.

आजोबा निवृत्त झाल्यावर दुपारची कॉफी झाली की संगणकासमोर बसून तुम्हाला गोष्टी सांगत. मायक्रोफोन मी लावायची, पंखा बंद करायची, कुकर होत असेल तर गॅसही बंद करायची. ते घसा साफ करून म्हणत, "बाळांनो," आणि सुरुवात होई. तलकाडच्या वाळूत मामाची चप्पल कशी गडप झाली. नंजनगूडच्या आत्याने रसबाळे केळी पदरात दडवून रेल्वेच्या डब्यात कशी आणली आणि भर गर्दीत पदर कसा सुटला. पणजोबा फौजेत असताना घोडा त्यांचं ऐकत नसे, बायकोचं ऐके, ती एक. मी समोर बसून ऐकायची आणि संपलं की फाईलला नाव द्यायची: वर्ष, विषय, भाग. संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी पुस्तकांना जागा देण्यात गेली. ज्याला जागा नाही ते हरवलेलंच, हे मला तिथे कळलं.

एकच प्रत म्हणजे प्रतच नव्हे, हेही मला कळत होतं. म्हणून मूळ संगणकात, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती टेबलाच्या खणात. घराला आग लागली तर दोन्ही जातील, म्हणून दुसरी डिस्क घेतली आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, माझ्या पाटल्या आणि सासूबाईंच्या गळ्यातल्या टिकेच्या डब्याशेजारी. दर काही महिन्यांनी तिथून आणायची, नव्या फाईली चढवायच्या, परत ठेवायची.

विहीणबाईंना हे हास्यास्पद वाटे. "अहो, सगळं क्लाउडवर टाका ना. मी काही करतच नाही. आपोआप वर जातं."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे... वर. आपल्याला काय करायचंय!"

"जी वस्तू कुठे आहे ते दाखवता येत नाही, तिला मी प्रत म्हणत नाही."

"तुम्ही म्हणजे अगदी सरकारी कपाट आहात हो," त्या म्हणाल्या, आणि आजोबा त्यांच्या बाजूने मोठ्याने हसले. ते हसणं मला आवडलं नाही. तीच सूचना दुसऱ्या कोणी केली असती तर मी विचार केला असता. क्लाउड वाईट नाही, आज मीही वापरते. पण तो विहीणबाईंचा होता.

मग आजोबा गेले. त्यानंतर त्या गोष्टी मी एकदाही लावल्या नाहीत. आहेत एवढं पुरे होतं. लॉकरची किल्ली हातात घेतली की बरं वाटायचं.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण तिच्यातूनच सगळं झालं. इथे सारं गाव आयुधपूजा करतं, बसला केळीचे खांब बांधतात, रिक्षांना हार घालतात. आपल्या घरी खापरपणजोबांची तलवार निघते. पण आजोबा रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होते, तिथली रीत त्यांनी घरी आणली: जे जे आपल्यासाठी राबतं त्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे. मिक्सर, कात्री, स्कूटरची किल्ली, त्यांचं मोजमापाचं कॅलिपर, सगळं. संगणक आल्यावर तोही टेबलावरून उतरून पाटावर बसू लागला. एका वर्षी मी खणातली डिस्क विसरले तर म्हणाले, "तिला का वगळलंस? एकाला कुंकू लावायचं, दुसऱ्याला नाही, मग ती रुसेल की." आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी यंत्रांना सुटी.

ते गेल्यावरही मी सगळं तसंच केलं. नवरात्राच्या आधी आपण लॉकरमधून दागिने काढतोच. त्यांच्याबरोबर ती दुसरी डिस्कही घरी आली. तिने काय पाप केलं होतं? तिलाही पाटावर बसवलं. दसऱ्यानंतर बँक उघडली की परत नेऊन ठेवू, असं ठरवलं. अशा रीतीने वर्षभर वेगवेगळ्या जागी जपलेल्या तिन्ही प्रती एका दिवसासाठी एका खोलीत, एका पाटावर, जमिनीपासून चार बोटांवर आल्या. तिघींच्या कपाळी कुंकू होतं. मला फार छान वाटलं होतं ते दृश्य.

विजयादशमीला सकाळी नळाला पाणी नव्हतं. आदल्या दिवशी आंब्याची पानं आणि झेंडूची फुलं मी बाहेरच्या खोलीतल्या बेसिनमध्ये धुतली होती. पाणी आलं का बघायला त्याचा नळ सोडला, आलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई होत्या.

"अहो, निघालात का? मुलं कॉलवर येतायत. तिकडे रात्र होते ना त्यांची, मग झोपतील."

"मला कोणी सांगितलं नाही."

"मी सांगतेय ना! इडली करू का तुमच्यासाठी? की श्रीखंडपुरी चालेल?"

तुम्ही माझ्याकडे फोन करणार नव्हता, त्यांच्याकडे करणार होता. त्यांचं नेट चांगलं म्हणून. उत्तरपूजा आल्यावर करू म्हणून मी कुलूप लावलं आणि रिक्षा पकडली. नळ तसाच उघडा राहिला.

तो कॉल तुम्हाला आठवत नसेल. मोठीने सतराचा पाढा मराठीत म्हणून दाखवला. विहीणबाई प्रत्येक ओळीला मान डोलवत होत्या, जणू पाढा त्यांनीच रचला होता. मला सोफ्याच्या टोकाला जागा मिळाली होती. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात आम्ही दिसत होतो, त्यात विहीणबाई संपूर्ण आणि माझा एक कान, कुडीसकट. धाकटा म्हणाला, "आजी, हू इज बिहाइंड यू?" विहीणबाई खो खो हसल्या. "अरे लबाडा, अज्जी आहे ती!" मीही हसले. कॉल संपल्यावर त्यांनी चौकटीतले फोटो दाखवले आणि मी ते शेवटपर्यंत पाहिले. घरी जायला हवं हे आठवत होतं. पण मी जे पाहिलेलं नाही ते त्यांनी पाहिलेलं असावं, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून बसले. परत येताना मिरवणुकीमुळे रस्ते बंद, रिक्षावाल्याने लांबून आणलं.

दाराखालून पाणी पायरीवर येत होतं. मधल्या वेळात नळाला पाणी आलं होतं, जोरात आलं होतं, आणि बेसिनच्या जाळीवर आंब्याची पानं बसली होती. बाहेरच्या खोलीला उंबरठा उंच, म्हणून पाणी आतच तुंबलं. झेंडूच्या पाकळ्या खोलीभर तरंगत होत्या. पाट पाण्याखाली होता. संगणकाच्या डब्याचा खालचा भाग, दोन्ही डिस्का, मिक्सर, सगळं पाण्यात, आणि पाणी कुंकवाने गुलाबी झालं होतं.

मी नळ बंद केला. मग जे केलं ते सांगते. डिस्का झटकन उचलल्या नाहीत. उत्तरपूजा झाली नव्हती. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून मी अक्षता शोधल्या, त्या भिजल्या होत्या, त्याच वाहिल्या, मंत्र म्हटला, मग हात लावला. चाळीस वर्षं ज्या रीतीने आजोबांनी उचललं त्याच रीतीने उचललं. त्या थोड्या वेळाने काही फरक पडला नाही, असं दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने पुढे एक गोष्ट मात्र सांगितली: डिस्का गच्चीवर उन्हात वाळवून मी त्यांतली एक शेजाऱ्यांच्या संगणकाला लावून पाहिली, ती लावायला नको होती. आतून टक टक असा आवाज आला आणि थांबला. तुमच्या बाबांनी बंगळुरूची एक प्रयोगशाळा शोधली आणि तिन्ही प्रती तिथे पाठवल्या. तिथून बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. गोष्टींबरोबर ठेवलेले घरचे फोटो बरेचसे परत मिळाले, पण नावं गेली. मी दिलेली वर्ष, विषय, भाग ही नावं जाऊन प्रत्येक फोटोला एक निरर्थक आकडा. तुमच्या बाबांचं बारसं आणि शेजारच्यांच्या स्कूटरचा फोटो एकापुढे एक. आणि गोष्टींचे नुसते तुकडे आले. एक खोकला. अर्धं "बाळां". पंख्याचा आवाज. बाकी खरखर.

मी ही बातमी फक्त तुमच्या बाबांना सांगितली होती. त्यांनी तुमच्या आईला, तिने तिच्या आईला. दोन दिवसांत विहीणबाई पुण्याहून आलेल्या भाकरवडीचा पुडा घेऊन दारात हजर. मला वाटलं, आता 'क्लाउडवर टाका म्हटलं होतं' हे ऐकावं लागणार. मी मनात उत्तर तयार करून दार उघडलं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण त्या गोष्टी माझ्याकडे आहेत ना."

"कुठल्या गोष्टी?"

"ह्यांच्या. तुमच्या ह्यांच्या. सगळ्या नसतील. पण पाठवायचे ना मला."

"तुम्हाला कशाला पाठवतील?"

"तपासायला." त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं. "म्हणजे, त्यांचीच कल्पना. संध्याकाळी तळ्यावर फिरायला जायचे ना, तेव्हा गोष्ट फोनवर बोलून मला पाठवायचे. ह्यात कन्नड कुठे आलंय तेवढं सांगा, म्हणायचे, पोरांना नीट मराठी जाऊ दे. मग मी सांगायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी ते तुमच्यापाशी बसून रेकॉर्ड करायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

या वेळी मला 'माहीत होतं की' म्हणता आलं नाही.

त्यांनी फोन काढला. काचेला आडवा तडा गेला होता. बोटाने मागे मागे जात त्यांनी एक जागा दाबली आणि माझ्या बाहेरच्या खोलीत, जिथे पाणी भरलं होतं तिथेच, ते बोलले. "नमस्कार विहीणबाई. आज मरळुची गोष्ट. तलकाडला मामा आणि मी..." मागे पाखरं ओरडत होती, धाप लागल्यासारखं होत होतं, चालता चालता बोलत होते. संपलं तसा लगेच विहीणबाईंचा आवाज: "फारच छान! फक्त मरळु नको, वाळू म्हणा." आणि पुन्हा ते: "आयतु, ठीक, वाळू. तुम्ही हात धरून शिकवा, मी म्हातारा विद्यार्थी." आणि हसले. असं हसू मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

पाहा, मला काय वाटलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. आनंद नंतर वाटला. आधी वाटलं की हा फोन घ्यावा आणि विहिरीत टाकावा. त्या दुपारी पंखा बंद करून, घाम पुसत, मी जे पहिलं आणि एकमेव समजून टिपत होते, ती दुसरी खेप होती. आदल्या संध्याकाळी ती गोष्ट तळ्याकाठी झालेली असायची, आणि तिला श्रोता वेगळा असायचा. तुमचे आजोबा एकाएकी 'वाळू' म्हणायला लागले तेव्हा मला नवल वाटलं होतं. मी कौतुकही केलं होतं. "किती छान बोलताय आजकाल!" ते म्हणाले होते, "सुम्ने. पोरांसाठी." विहीणबाईंचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. मी कशी आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच घेतलं नसावं.

"आणखी किती आहेत?" मी विचारलं.

"असतील की. सगळं वर आहे."

"दाखवा."

"अहो, आहे म्हणते ना."

"वर दाखवा. फोनमध्ये नको."

त्यांनी क्लाउड उघडला. फोटो होते, ढीगभर. आवाज एकही नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. फोनमधले फोटोच वर जात होते, निरोपांतला आवाज कधी गेलाच नव्हता. तो फक्त त्या तडा गेलेल्या फोनमध्ये होता, आणि फोन भरला की त्या जुने निरोप पुसून टाकत असत. "जागा करायला," त्या हळूच म्हणाल्या. मग आम्ही फोटो नीट पाहू लागलो, तर तुमच्या पहिल्या वाढदिवसांचे व्हिडिओही नव्हते. तेही फोनमधून पुसले होते, आणि इथे पुसलं की तिथेही आपोआप पुसलं जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. "विहीणबाई, तो आरसा आहे, प्रत नाही. तुम्ही टिकली काढलीत की आरशातलीही जाते." त्यांचा चेहरा उतरला आणि मला, देवा शप्पथ, गार वाटलं. क्षणभरच. कारण लगेच लक्षात आलं की जे पुसलं गेलं त्यात तुम्हीही होता, आणि आजोबाही.

"नवा फोन घेणार होते मी दिवाळीला," त्या म्हणाल्या. "हा जुना दुकानदार परत घेतो म्हणाला."

मी उठून दाराला कडी लावली. त्या म्हणतात की त्यांना खरंच वाटलं, मी फोन घेतल्याशिवाय त्यांना सोडणार नाही. बरोबर वाटलं.

पुढच्या कितीतरी दुपारी त्या येत राहिल्या. नवा संगणक आला होता. केबल लावून मी एक एक निरोप बाहेर काढायची, लगेच दोन ठिकाणी उतरवायची, उघडून शेवटपर्यंत ऐकायची, मगच पुढचा. त्या शेजारी बसून तारीख सांगायच्या. त्यांना घाई असे. "अहो, गेला ना, पुढचा घ्या." "गेला असं दिसतंय. गेला का ते ऐकल्यावर कळेल." भांडत भांडत झालं. त्यांनी पुसलेले काही परत आले नाहीत. घोड्याची गोष्ट नाही. फौजेतल्या पणजोबांची एकही नाही.

सगळं झाल्यावर मी एकटीच बसले असताना एक गोष्ट केली. आवाज कापण्याचा एक प्रोग्राम आहे, त्यात बोलणं टेकड्यांसारखं दिसतं. 'नमस्कार विहीणबाई' ही सुरुवातीची छोटी टेकडी, मग थोडं सपाट, मग गोष्ट. तेवढी टेकडी निवडून कळ दाबली की गेली. तुम्हाला कधी कळलंही नसतं. आईलाही नाही. मी वाळूच्या गोष्टीतली दाबली, आणि ऐकलं. "आज मरळुची गोष्ट," असा आवाज आला, पण तो कुठूनसा आला. समोर कोणीच नसल्यासारखा. त्यांचं सारं बोलणं कोणाकडे तरी पाहून असायचं. तो माणूसच काढल्यावर ते हवेत बोलत होते. मी पुन्हा ऐकलं, आणि कापलेलं परत जोडलं. बाकीच्यांना हात लावला नाही. माझ्या तालिकेत 'कोणास सांगितली' असा एक रकाना असतो. त्यात प्रत्येक ओळीत मी 'विहीणबाई' लिहिलं आहे, माझ्या अक्षरात, आणि प्रत्येक वेळी मला त्रास झाला आहे.

मत्सर गेला का असं विचारलंत तर नाही. काल त्यांनी मला सांगितलं की धाकट्याने त्यांना मराठीत पत्र लिहिलं. मी रात्री जेवले नाही.

पण व्यवस्था सांगते, ती तुमच्याही कामाची आहे. एक प्रत माझ्या संगणकात. एक डिस्क बोगादीला विहीणबाईंच्या कपाटात, तिला त्या हात लावत नाहीत. माझी एक अट त्यांनी मान्य केली तर त्यांची एक मी केली, म्हणून एक प्रत वरही आहे, पण अशा ठिकाणी जिथे इथलं पुसलं तरी तिथलं महिनाभर पुसलं जात नाही. आणि एक तुमच्याकडे. संकष्टीला उपास असतो, तेव्हा चंद्रोदयाची वाट पाहत मी इथल्या प्रत्येकीतली एखादी फाईल उघडून ऐकते, कारण उघडून न पाहिलेली प्रत असून नसून सारखी. बोगादीच्या डिस्कसाठी मला बोगादीला जावं लागतं. खंडेनवमीला पाटावर एकच प्रत बसते, माझ्या संगणकातली, बाकीच्यांना दुरून नमस्कार. तुमची डिस्क तुम्हीही अशीच सांभाळा. तिची दुसरी प्रत केलीत, तर बहिणीची भावाने उसनी घेतली म्हणून दोन्ही एकाच दप्तरात जाऊ देऊ नका.

आता शिल्लक काय आहे ते. तलकाडच्या वाळूची गोष्ट आहे. नंजनगूडच्या केळ्यांची आहे. लेथवर पहिल्या दिवशी बोट कापल्याची आहे, आणि लग्नात मी कशी रुसले होते तीही, जी त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. या सगळ्यांत ते मरळु, बेगा, सुम्ने असेच शब्द वापरतात. सुधारलेल्या, माझ्यासमोर केलेल्या सगळ्या प्रती गेल्या. न सुधारलेल्या आहेत.